पक्षाघातानंतर वडील चालू लागले आणि पडूही लागले : एकट्याने चालू द्यावे का?

गोदाकाठची :

माझ्या वडिलांना (वय ६९, नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त) सात महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा अडल्यामुळे डावा हात आणि डावा पाय गेला होता. बोलणे मात्र शाबूत राहिले. पहिले तीन महिने त्यांना उठवायला दोन माणसे लागत. आता ते चार पायांची काठी घेऊन घरात आपले आपण चालतात आणि त्या आनंदात आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. परंतु गेल्या महिन्याभरात ते दोनदा पडले. विचित्र वाटते ते हे की, ज्या काळात त्यांना धड उभेही राहता येत नव्हते त्या काळात ते एकदाही पडले नव्हते.

आमचे घर म्हणजे जुन्या नाशकातला वाडा आहे आणि संडास-न्हाणीघर चौकाच्या पलीकडे आहे. पहिल्यांदा पहाटे पाचच्या सुमारास ते न्हाणीघराच्या दाराशी पोचले, दिवा लावायचा राहिला हे लक्षात येऊन मागे वळले आणि उंबरठ्यापाशी डाव्या अंगावर कोसळले. दुसऱ्यांदा भर दुपारी, चौकातल्या सपाट शहाबादी फरशीवर, शेजारच्या काकांनी मागून हाक मारली एवढ्याच निमित्ताने पडले. दोन्ही वेळा खरचटण्यावर निभावले.

इस्पितळातून घरी सोडताना औषधांची यादी आणि "रोज चालवत राहा" हा सल्ला एवढेच आमच्या हाती आले. पडण्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. माझा भाऊ पुण्याहून रोज फोन करून बजावतो की, अण्णांना एकट्याने पाऊल टाकू देऊ नका. आई दिवसभर त्यांच्या खुर्चीशेजारी बसून असते, ते उठू लागले की त्यांचा डावा दंड धरते, आणि ते तिच्यावर चिडतात. चाळीस वर्षे रोज संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, जाऊन दुतोंड्या मारुतीपर्यंत फेरी मारण्याचा जो नेम होता, तो पुन्हा सुरू करू द्या, एवढाच त्यांचा हट्ट आहे.

चालणे सुधारत असताना पडणे का वाढावे? धोका किती आहे हे घरच्या घरी पाहण्याची काही रीत आहे का? आणि भावाचे ऐकावे की अण्णांचे?

इंदिरानगरचा फिजिओ :

ताई, आपण ज्याला विचित्र म्हणता ती गोष्ट आमच्या व्यवसायात रोजची आहे. जो रुग्ण अंथरुणातून उठतच नाही त्याला पडायला वावच नसतो, आणि जो पूर्ण बरा होऊन हिंडतो तोही क्वचितच पडतो. धोका सर्वांत जास्त असतो तो या दोहोंच्या मधल्या टप्प्यात, जेथे पाय उचलण्याची ताकद आलेली असते परंतु गेलेला तोल सावरण्याची चपळाई आलेली नसते. आपले वडील नेमके त्या टप्प्यात आहेत. म्हणून हे पडणे प्रकृती खालावल्याचे लक्षण असेलच असे नाही, मात्र ते दुर्लक्ष करण्याजोगेही नाही, कारण पुढच्या वेळी खरचटण्यावर निभावेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. पक्षाघातानंतर कमजोर बाजूच्या हाडांवर भार कमी पडल्याने ती पहिल्या वर्षातच ठिसूळ होऊ लागतात, रुग्ण बहुधा त्याच बाजूवर पडतो, आणि त्या बाजूचा हात टेकायला वेळेवर पुढे येत नाही. खुब्याचे हाड मोडते ते असे.

दोन्ही प्रसंग आपण इतके नेमके लिहिले आहेत की अर्धे निदान झालेच आहे. दोन्ही वेळा अण्णा चालताना पडलेले नाहीत, वळताना पडले आहेत. इस्पितळाच्या लांब, सरळ, उजेडाच्या मार्गिकेत आम्ही रुग्णाला सरळ चालायला शिकवतो, आणि घरी गेल्यावर त्याला सरळ असे चालावेच लागत नाही. दाराशी थांबणे, उंबरठा ओलांडणे, कडी काढण्यासाठी एक पाऊल मागे घेणे, खुर्चीत बसण्यापूर्वी अर्धे वळणे, हेच घरातले चालणे असते. वळताना क्षणभर सगळा भार कमजोर पायावर येतो आणि त्याच क्षणी शरीर फिरते. निरोगी माणूस अडखळला तर विचार न करता झटकन एक पाऊल टाकून सावरतो. कमजोर पायाचे ते पाऊल उशिरा पडते किंवा पडतच नाही. त्यामुळे आपल्या फिजिओथेरपिस्टना स्पष्ट सांगा की, आता दहा फेऱ्या जास्त मारण्यापेक्षा वळण्याचा, मागे पाऊल घेण्याचा आणि मध्येच थांबण्याचा सराव हवा आहे. वळायचे ते टाचेवर गर्रकन नव्हे, तर घड्याळाच्या काट्यासारखे, चार-पाच लहान पावलांत. हाक आली तर आधी थांबायचे, काठी टेकायची, मग मान वळवायची.

आता मोजमाप. चौकात सहा मीटर अंतर आखून घ्या, अण्णांना त्याच्या अलीकडून चालायला सुरुवात करू द्या आणि मधल्या सहा मीटरला किती सेकंद लागतात ते पाहा. अमेरिकेतील डॉ. जॅकलीन पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेली वर्गवारी आम्ही आजही वापरतो : सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग असेल तर चालणे घरापुरते, ०.४ ते ०.८ असेल तर बाहेर जाता येते परंतु मर्यादेत, आणि ०.८ च्या पुढे गेल्यास माणूस गावात मोकळेपणाने हिंडू शकतो. हे आकडे कोरडे वाटतील, म्हणून बारा मीटर रुंदीचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. ०.४ च्या वेगाने तो ओलांडायला अर्धे मिनिट लागते, आणि आपल्याकडचे दुचाकीस्वार अर्धे मिनिट कोणासाठी थांबतात ते आपण जाणताच.

दुसरी चाचणी कॅनडात १९९१ मध्ये तयार झाली. हाताच्या खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे, आणि या सगळ्याला लागणारा वेळ मोजायचा. निरोगी ज्येष्ठ माणूस साधारण दहा-बारा सेकंदांत परततो. चौदा सेकंदांच्या बराच पुढे वेळ गेला तर आम्ही सावध होतो. हीच चाचणी पुन्हा घ्या, परंतु या वेळी चालताना त्यांच्याशी बोला, "काल जेवायला काय होते?" असे काही विचारा. उत्तर देण्यासाठी ते थांबतात का ते पाहा. चालता चालता बोलण्यासाठी थांबणारे वृद्ध पुढे अधिक पडतात, असे स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ मध्ये नोंदवले होते. पक्षाघाताच्या रुग्णांत एवढ्या एका खुणेवर भाकीत करणे धाडसाचे ठरेल, परंतु जो माणूस हाक ऐकून पडला त्याच्या बाबतीत तरी मी ही चाचणी टाळणार नाही. दोन्ही चाचण्यांच्या वेळी कोणीतरी डावीकडे, किंचित मागे, उभे असलेच पाहिजे.

तोल मोजण्याची चौदा कृतींची, छप्पन्न गुणांची बर्ग चाचणी आपल्या फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या. पूर्वी पंचेचाळीसच्या खाली गुण म्हणजे धोका, असे सरसकट सांगत. आता तेवढी एक रेघ पुरेशी मानत नाहीत. प्रत्यक्षात मी गुणांपेक्षा कोणत्या कृतीत गुण गेले तेच आधी वाचतो.

आणि आईंना नम्रपणे सांगा की, डावा दंड धरू नये. पक्षाघातात खांद्याचा सांधा सैल झालेला असतो. ओढल्याने तो उतरतो आणि पुढे महिनोन्‌महिने दुखतो, शिवाय पडणारा माणूस दंड धरून सावरतही नाही. कमरेला रुंद पट्टा बांधावा आणि डाव्या बाजूला, अर्धे पाऊल मागे राहून, पाठीमागून तो पट्टा धरावा. काठी उजव्या हातातच हवी, आणि तिची मूठ हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत यायला हवी. चालताना डाव्या पायाचा चवडा जमिनीला घासतो का, आणि पायात काय घालतात, हेही कळवा. पाऊल लोंबत असेल तर स्प्लिंट (पाऊल वर धरून ठेवणारा आधार) लागेल, आणि स्प्लिंट सपातेत बसत नाही.

पंचवटीकर :

मी निवृत्त शिक्षक आहे आणि चार वर्षांपूर्वी माझी उजवी बाजू गेली होती, म्हणून आतल्या बाजूने काय वाटते ते सांगतो. झटक्यापूर्वी चालणे ही कृती होती हेच मला ठाऊक नव्हते. आता प्रत्येक पाऊल लक्ष देऊन टाकावे लागते. नव्याने सायकल शिकणारा मुलगा जसा हँडलकडे पाहत राहतो तसे माझे झाले आहे. अशा वेळी मागून आलेली प्रेमाची हाकही धक्क्यासारखी लागते. आमच्या घरी आता नियम आहे की मी चालत असताना कोणी मला हाक मारायची नाही. समोर यायचे आणि मग बोलायचे. पाहुण्यांना हे उद्धट वाटते, वाटू द्यावे.

दुसरे, भीतीविषयी. मी एकदाच पडलो, हाडबिड काही मोडले नाही, परंतु त्यानंतर घरच्यांच्या आणि माझ्याही भीतीपोटी दोन महिने खाटेवरून फारसा उठलो नाही. त्या दोन महिन्यांत पायातली जी ताकद गेली ती परत मिळवायला पुढचे सहा महिने लागले, आणि त्या सहा महिन्यांत मी आणखी तीनदा पडलो. आपल्या बंधूंची काळजी खरी आहे, पण न चालवणे हा त्यावरचा उपाय मी करून पाहिलेला आहे.

मला सर्वांत उपयोगी पडलेला धडा जमिनीवरून उठण्याचा होता. सतरंजीवर बसून, चांगल्या कुशीवर वळायचे, चांगल्या कोपरावर व मग तळहातावर भार घ्यायचा, समोर ठेवलेल्या भक्कम खुर्चीवर हात टेकून गुडघ्यावर यायचे, चांगले पाऊल पुढे घ्यायचे आणि उठायचे, असे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली वीस-पंचवीसदा करवून घेतले. पडलो तर उठता येते हे शरीराला कळले तेव्हा भीती निम्म्याने गेली. आजही मी गोल्फ क्लबच्या मैदानावर फेऱ्या मारतो, मात्र सकाळी साडेसहाला नव्हे. त्या वेळी हात हलवत झपझप जाणाऱ्यांची इतकी गर्दी असते की अंगावर कोण कधी येईल सांगता येत नाही. साडेनऊनंतर मैदान माझे असते.

सिडकोची ताई :

मी रुग्णालयात तीस वर्षे परिचारिका होते. पहाटे पाचला अंथरुणातून उठून लगेच चालणारा माणूस पडला, हे वाचल्यावर मला आधी वळणे नव्हे, रक्तदाब आठवला. अण्णांना पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब मोजा, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर उभे राहताना मेंदूला रक्त कमी पडते आहे असे समजावे. रक्तदाबाच्या गोळ्या, प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅमसुलोसिन, ताठरपणासाठीची बॅक्लोफेन किंवा टिझॅनिडीन, झोपेची गोळी, यांपैकी दोन-तीन एकत्र चालू असल्यास हे सहज होते. कोणतीही गोळी मनाने बंद करू नका. झटका पुन्हा येण्याचा धोका त्याहून मोठा आहे. आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा, ते मात्रा किंवा वेळ बदलतील. मधुमेह असेल तर पहाटेची साखरही पाहा.

रात्रीसाठी खाटेजवळ युरिन पॉट ठेवला तर पहाटेचा तो प्रवासच टळतो. पुरुषांना यात कमीपणा वाटतो, हे मी पुष्कळ पाहिले आहे. तरी आग्रह धरा. चौकात झिरोचा दिवा रात्रभर चालू राहू द्या.

आणखी एक गोष्ट घरातल्या सर्वांनी पाठ करावी. अण्णांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असणारच. अशा माणसाच्या डोक्याला मार लागला तर तो ठीक दिसत असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून सीटी स्कॅनविषयी विचारावे, आणि उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी असल्यास मध्यरात्रीही थांबू नये. तसेच, पडल्यावर तोंड वाकडे दिसले, बोबडे बोलू लागले किंवा हातपाय आधीपेक्षा लुळे वाटले, तर पडल्यामुळे तसे झाले असे समजू नका. नवा झटका आल्यामुळे पडले असतील. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन सहसा झटक्यानंतर साडेचार तासांच्या आतच देता येते.

ओझरकर :

सर्वांचा सूर "चालू द्या" असा आहे, म्हणून मुद्दाम वेगळे लिहितो. माझ्या आईचाही मेंदूचा उजवाच भाग गेला होता. पाय लवकर सुधारला, वेगही चांगला होता, आणि तरीही ती पडून डावा खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर ती काठीवर कधीच आली नाही. आम्हाला खूप उशिरा कळले की तिच्या लेखी डावी बाजू उरलीच नव्हती. डोळे ठीक होते, पण डावीकडचे तिच्या ध्यानातच येत नसे. आपण ताट वाढतो तेव्हा चटणी-कोशिंबीर डावीकडे असते. ती रोज तशीच राहायची आणि आम्ही म्हणत होतो की तिची चव गेली. शिवाय "मला काही झालेले नाही" असे ती ठामपणे सांगे, आणि आम्हाला ती जिद्द वाटे. अण्णांचा गंगेवर जाण्याचा हट्ट हीही जिद्दच असेल, परंतु तपासून पाहा.

इंदिरानगरचा फिजिओ :

ओझरकर, आपण लिहिलेत ते माझ्या प्रतिसादात यायला हवे होते. उजव्या मेंदूच्या झटक्यात डाव्या बाजूचे भान हरपणे आणि स्वतःच्या उणिवेची जाणीवच नसणे, या दोन्ही गोष्टी पुष्कळदा आढळतात, आणि अशा रुग्णाच्या बाबतीत सेकंदांची मोजणी फसवी ठरते. ताई, ताट पाहा, दारातून जाताना डावा खांदा चौकटीला घासतो का पाहा, आणि अण्णांना दाढी करू द्या. डावा गाल राहतो का तेही कळेल.

गोदाकाठची :

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या तीन आठवड्यांत एकेक गोष्ट करून पाहिली.

सहा मीटरला तेरा सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.४६ मीटर. खुर्चीतून उठून परत बसायला चोवीस सेकंद लागले. बोलत बोलत चालायला लावले तेव्हा पस्तीस, आणि "पिठले होते" हे सांगण्यासाठी ते मध्येच पूर्ण थांबले. रक्तदाब आडवे असताना १३८/८२ होता, उभे राहिल्यावर ११२/७४. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी बदलून दिली असून पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले आहे. युरिन पॉटला अण्णांनी चार दिवस नकार दिला. पाचव्या दिवशी थंडी जास्त होती.

ताटाचे वाचून मात्र पोटात गोळा आला. चटणी रोज नाही, पण तीनात एकदा तरी तशीच राहते, आणि डाव्या खांद्याला चौकटीचा रंग लागलेला सदरा मी स्वतः धुतलेला आहे. फिजिओथेरपिस्टनी आता प्रत्येक दाराच्या डाव्या चौकटीला लाल पट्टी चिकटवायला सांगितली आहे, आणि तिच्याकडे बघितल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही असा सराव चालू आहे. चवडा थोडा घासतो, म्हणून स्प्लिंटचे माप दिले आहे. रबरी सपाता काढून टाकल्या.

न्हाणीघरात कमोडशेजारी उजव्या हाताला स्टीलचा दांडा बसवला. माडीच्या जिन्याचा प्रश्न राहिला आहे. तेथे वाड्याच्या रीतीप्रमाणे कठड्याऐवजी एक दोर लोंबतो, आणि कठडा बसवायचा तरी एकाच बाजूला जागा आहे. चढताना तो उजव्या हाताला आला तर उतरताना डाव्या, म्हणजे कमजोर, हाताला येणार. तूर्त अण्णांची खोली खाली आणली आहे.

भावाशी असे ठरले आहे की, दिवसा चौकात अण्णा एकटे चालतील, आई दिसेल अशा अंतरावर पण हात न लावता बसेल, आणि वाड्याबाहेर कोणीतरी बरोबर असेल. अण्णांना हे निम्मेच पटले आहे. गंगेवर पहिल्यांदा भाऊ आल्यावर नेऊ. सराफ बाजाराकडचा उतार चालत उतरवायचा की रिक्षाने जायचे, एवढे सांगावे.

इंदिरानगरचा फिजिओ :

रिक्षानेच. उतारावर कमजोर गुडघा अचानक दुमडतो आणि अजून तेवढा सराव झालेला नाही. खाली पोचल्यावर सपाट, कोरड्या भागातच चालवा, पाण्याजवळच्या पायऱ्यांकडे आणि शेवाळाकडे वळू देऊ नका. भावाने पट्टा धरून डावीकडे राहावे, आणि परतीची रिक्षा अण्णा दमण्यापूर्वी बोलवावी, कारण दमलेल्या पायाचा चवडा जास्त घासतो. बुधवार टाळा, त्या दिवशी तेथे बाजार भरतो.

पंचवटीकर :

दुतोंड्या मारुतीपाशी मी सोमवारी पाचच्या सुमारास असतो. हाक मारणार नाही, समोर येऊन उभा राहीन.